डाव्या बुटाचा आवाज

अंधेरी (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमा,

एकतीस सेकंदांचा सीन आहे. सहा मुली एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारतात, सहावीचा बूट वाजतो आणि सगळी मोहीम बोंबलते. त्या एकतीस सेकंदांची खरी किंमत काय पडली, ते आज काढायला बसलो. शूटिंगचे दोन दिवस. चौदा टेक. संघमित्राचा सोललेला गुडघा. डोक्यावरून गेलेली नऊ विमानं. मुलींच्या धडपडण्याचे आवाज करताना माझ्याकडे कामी आलेले चार कोबी. एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. यादी इथं संपत नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. दारात येऊन उभं राहायचं तर अडीच महिने धीर होत नाहीये. म्हणून हे पत्र. मी तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं, आठवतं? मिल बंद पडून बाबा घरी बसले होते, तू सुट्टीत गावी गेली होतीस, आणि मी परळच्या आपल्या खोलीतून कळवलं होतं की मला रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरी लागली. काम लादी पुसायचं होतं, तेवढं लिहिलं नव्हतं.

सिनेमाची गोष्ट तुला कोणी धड सांगितली नसेल. प्रांजलनं सांगायला घेतली असेल, पण तिला निम्म्यातच हसू फुटायचं. बोरिवलीत जयंती मॅडमचे दहावीचे क्लासेस असतात. बाहेर पाटी गणित-विज्ञानाची, आत मुलींना गुप्तहेर बनवतात. डब्यात वायरलेस, कंपासपेटीत कॅमेरा. मॅडमचं म्हणणं, पंधरा वर्षांच्या मुलीकडे कोणी नीट बघत नाही, तेव्हा हेरगिरीला तिच्यासारखं माणूस नाही. नाव ‘जयंती मॅडमची स्पेशल बॅच’. आपली प्रांजल त्यातली सहावी. डोक्यानं सगळ्यांत तल्लख, पण दबकत चालायला गेली की डावा बूट चुंई करतो.

हा विनोद कोणी लेखकानं लिहिलेला नव्हता. ऑडिशनला मीच तिला घेऊन गेलो होतो. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ती खोलीत शिरली, डावा वाजला, आणि दिग्दर्शक केतन हसून हसून खुर्चीतून घसरला. बाकीच्या मुलींनी पानपानभर डायलॉग म्हटले. हिनं चार पावलं टाकली आणि काम घेऊन आली.

आता मुद्द्याचं. सेटवर बोललेले आवाज वापरता येत नाहीत, दर वाक्यात विमान आहे. सगळ्या मुली स्टुडिओत येऊन पडद्याकडे बघत पुन्हा बोलणार. प्रांजलच्या जागी दुसरी कोणी बोलेल, नाहीतर सहावी कापून पाच मुलींचा सिनेमा होईल. केतनला दुसरा रस्ता दिसत नाही. दुसरी बोलायची तर आईवडिलांची लेखी परवानगी लागते. कागद सोबत जोडलाय.

पण मी एक ठरवलंय. आवाज कोणाचाही असो, पावलं तिचीच असतील. पडद्यावर माणूस चालतो आणि आवाज माझ्या पायाचा असतो, हाच माझा तीस वर्षांचा धंदा. तिचे बूट मला पाठव. माझा पाय त्यात जायचा नाही, हातात घालून वाजवीन. तुला ठाऊक आहे, बाबा कामावरून यायचे तेव्हा जिन्यावरच्या वीस माणसांत त्यांचं पाऊल मी खोलीत बसून ओळखायचो. आजही डोळे बांधून उभं करा, कोण आलं ते सांगतो. प्रांजलचं पाऊल तर हजारात ओळखेन. या बाबतीत माझा कान आजवर चुकलेला नाही.

नितेशरावांना नमस्कार. रागावू नको गो.

तुझा,
सहदेवदादा


मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

सहदेवदादा,

पत्र मिळालं. पोस्टमननं नितेशच्या हातात दिलं, त्यानं ते टीव्हीवर ठेवलं, आणि तीन दिवस आम्ही दोघं त्याच्याकडे बघत जेवलो.

फोनचं सांगते. त्याची रिंग तिनं लावून ठेवलीये. ती वाजायला लागली की मी ऐकत बसते, उचलायचं राहून जातं. बदलता मला येत नाही आणि नितेशला बदल म्हणून सांगवत नाही. तेवढंच कारण आहे. पतपेढीत परत जायला लागले. काउंटरवर लोक बरे असतात, त्यांना त्यांच्या पासबुकाची पडलेली असते. सकाळचं चालणं मात्र सोडलंय. मी दिसले की बागेतल्या बायका बोलायच्या थांबतात.

तुझा कागद वाचला. दोनदा वाचला. त्यात तिचं नाव कुठंच नाही, ‘सदर बालकलाकार’ आहे. हे पत्र तू माझ्यासाठी लिहिलंस की कागदासाठी, ते मला कळलेलं नाही. आणि तिच्या जागी बोलणार कोण? तिचा आवाज घोगरा होता. तुम्ही कुठलीतरी गोड गळ्याची मुलगी आणून बसवाल. त्यापेक्षा पाचच मुली राहू देत. सही केलेली नाही.

तुला एक विचारायचं आहे. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, तू तिला गाडीनं सोडलंस. मी खिडकीत होते. गाडी गेटशी थांबली, ती उतरली, तू काच खाली केलीस, काहीतरी बोललात, आणि तू गाडी वळवून गेलास. मी चहा ठेवला होता, आलं ठेचून. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, तू आमच्या गेटवरून कधी परत गेलेला नाहीस. उलट नको म्हटलं तरी येऊन बसतोस. त्या दिवशी वर का नाही आलास?

प्रेमा


अंधेरी (पूर्व)
२३ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमा,

कागदासाठीच लिहिलं होतं. केतननं मला पुढं केलं, कारण दुसऱ्या कोणाची तुझ्यापर्यंत यायची छाती नव्हती. पण लिहायला बसल्यावर ते कागदाचं राहिलं नाही. एवढं खरं मान.

प्रांजलच्या जागी संघमित्रा बोलेल. घाटकोपरची, सिनेमातली पाचवी. दोघींचं मेतकूट तुला माहीत आहे. सेटवर ही प्रांजलच्या आवाजात फोन करून असिस्टंट लोकांना पळवायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. केतन बाहेरची मुलगी शोधतोय हे कळल्यावर ती आईला घेऊन स्टुडिओत आली आणि म्हणाली, बोलेन तर मी बोलेन. अट एकच, सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाट्या येतात, त्यांत आपलं नाव त्या कामासाठी घालायचं नाही. तिला वाटतं, नाव घातलं की आवाज प्रांजलचा राहणार नाही. सोळा वर्षांची पोर आहे.

त्यांचं ट्रेनिंग तू बघायला हवं होतंस. फाइटमास्तरांनी महिनाभर दबकत चालायला शिकवलं. जमिनीवर उडदाचे पापड पसरायचे आणि एकही न मोडता पलीकडे जायचं. संघमित्रा चार मोडायची. प्रांजलनं पहिल्या दिवशी सगळे मोडले, वर तुकडे गोळा करून कॅन्टीनमधून भाजून आणले आणि मास्तरांसकट सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर पापड मोजून आणायला लागले. सिनेमातही गंमत आहे. जयंती मॅडम गृहपाठ देतात, घरी जाऊन आपापल्या आईला फसवून या. जिला आई पकडते ती नापास. आईच्या हातून सुटली ती जगात कोणाच्याही हातून सुटेल, असं मॅडमचं गणित.

चहाचं काही नाही गो. गेटशी पार्किंग नव्हतं, मागं टेम्पोवाला हॉर्न मारत होता. तो चहा वाया गेला असेल तर माझ्याकडे लागू.

तुझा,
सहदेवदादा


मुलुंड (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२५

दादा,

संघमित्रा येऊन गेली. मागच्या रविवारी, आईबरोबर. तासभर बसल्या. तिची आई औरंगाबादकडची, शांत बाई आहे, तिनं माझ्याबरोबर स्वयंपाकघरात मेथी निवडली. निघताना मीच त्या मुलीला म्हटलं, एकदा बोलून दाखव. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “आई, काहीतरी खायला दे ना, जीव चाललाय.”

नितेश दाढी करत होता. तो साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला. दारात उभा राहिला आणि आत गेला. पण संध्याकाळी तुझा कागद त्यानंच शोधून काढला आणि आधी सही केली. खाली माझी आहे.

बूट पाठवतेय. वापरून वापरून मऊ झालेत. धुवू नकोस, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस.

तुझं टेम्पोचं वाचलं. तो रविवार होता, दादा. आमच्या गल्लीत रविवारी टेम्पो येत नाहीत. गेटसमोर दोन्ही बाजूंनी जागा रिकामी होती, मी वरून बघत होते हे तुला सांगितलं होतं. तू लहानपणीही खोटं बोललास की त्यात एक वाहन घालायचास. गावाहून उशिरा आलास की एसटी पंक्चर, कामावर दांडी मारलीस की बस बंद.

तुला सांगायचं नसेल तर सांगायचं नाही असं लिही. टेम्पो घालू नकोस.

प्रेमा


अंधेरी (पूर्व)
२ मार्च २०२५

प्रिय प्रेमा,

काम झालं. काल पूर्ण दिवस मी एकटा आत होतो, मशीनवरच्या माणसाशिवाय कोणाला येऊ दिलं नाही.

बूट पिशवीतून काढले आणि हातात घेताच ओळखले. डावी टाच बाहेरच्या बाजूनं घासलेली, उजवीपेक्षा जास्त. प्रांजलची चालच ती, डाव्या पायावर भार टाकून झपझप. माझ्याकडे दीडशे जोड आहेत, बायकांचे, पोरांचे, पोलिसांचे, लाकडी खडावाही आहेत. त्या दीडशेत हे मिसळून टाकले असते तरी मी आवाजावरून वेगळे काढले असते.

चुंई मात्र पटकन निघेना. तासभर खटपट केली. मग लक्षात आलं, चार महिने बूट पायात नाही, चामडं असो की कॅनव्हास, ते सुकतं, मुकं होतं. आतल्या पट्टीखाली पाण्याचे दोन थेंब सोडले आणि अंगठ्यानं दाबत गेलो. निघाली. पहिल्यांदा निघाली तेव्हा मशीनवरचा माणूस काचेपलीकडून हसला आणि मग त्याला आठवलं, आणि तो खाली बघायला लागला.

पहिल्या पाच जणी गच्चीच्या कोब्यावर, पत्र्यावर धावतात, ती पावलं मी नेहमीसारखी वाजवली. सहावीची आली तेव्हा बूट हातात घातले, गुडघे टेकले, पडद्यावर तिच्याकडे बघत तिच्या पावलाला पाऊल मिळवत गेलो. ती धावली की मी धावलो, ती थबकली की मी थबकलो. एकाच टेकमध्ये झालं. केतननं ऐकलं आणि म्हणाला, “दादा, ही तीच आहे.” मी म्हटलं, मग दुसरी कोण असणार?

तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं भेटल्यावर बोलू. पत्रात नको.

तुझा,
सहदेवदादा


मुलुंड (पूर्व)
९ मार्च २०२५

दादा,

भेटल्यावर नको. पत्रातच हवं. समोर बसलास की तू मला हसवशील.

ऑक्टोबरचा तो आठवडा मी रोज पहिल्यापासून मोजते. सोमवारी सकाळी मला तिचं अंग गरम लागलं. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिसऱ्या दिवशी नाही उतरला तर रक्त तपासू. बुधवारी तापच उतरला. मी खिचडी केली, देवापुढे नारळ ठेवला. गुरुवारी तिला उठवेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी सांगितलं, सोमवारपासून. ते कागदावर दिवस मोजत होते. नंतर नर्सनं मला समजावलं होतं की डेंग्यूत दिवस मोजण्यावर बरंच असतं, ताप उतरतो तेव्हाच खरं सांभाळायचं असतं. शुक्रवारी सगळं संपलं.

मी सांगितलेला सोमवार खरा होता का? शनिवारी आणि रविवारी तू तिच्याबरोबर होतास. तुझे कान भिंतीपलीकडचं ऐकतात.

प्रेमा


अंधेरी (पूर्व)
१६ मार्च २०२५

प्रेमा,

ताप शुक्रवारपासून होता.

शनिवारी मी सेटवर गेलो होतो. मुली कशावरून धावणार, कोबा की पत्रा, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काम करत नाही. दोन टेकच्या मध्ये ती जिन्यात एकटीच बसली होती. एरवी तिच्या भोवती कलकलाट. जवळ गेलो तर श्वास लहान लहान, वरच्या वर. हात धरला, तापलेला. काल शाळेतून आल्यापासून आहे म्हणाली. माझ्या बॅगेत तापाच्या गोळ्या असतात, एक दिली, एक रविवारसाठी दिली. केतनला सांगतो म्हटलं तर तिनं माझी बाही पकडली. म्हणाली, “मामा, उद्याचा एकच दिवस. मी नसले तर माझी उडी डुप्लिकेट मारेल, आणि तिचा बूट वाजणार नाही. आईला सांगू नको.” मी म्हटलं, आईला सांगायला कशाला हवं, ती कपाळाला हात लावेल तेव्हा कळेलच. तर हसली. नाही कळणार, म्हणाली, मॅडमनी शिकवलंय.

गृहपाठाचा सीन मी तुला अर्धाच सांगितला होता. त्यात सहावीला ताप असतो, मोहीम चुकवायची नसते. आई यायच्या आत ती नळाखाली डोकं धरते.

रविवारी तिनं उडी मारली. चौदाव्या टेकला. टाळ्या पडल्या. येताना गाडीत म्हणाली, एसी बंद कर. मी बंद केला. काचाही लावल्या. तिचे दात वाजत होते, प्रेमा. हुडहुडीत वाजतात तसे. असला आवाज मी सिनेमासाठी शंभर वेळा केलाय, सुपारीवर सुपारी घासून. मला तो ऐकवेना. मी रेडिओ लावला. जोगेश्वरीपासून तुमच्या गेटपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

गेटवर उतरताना तिनं काचेतून सांगितलं, “तू वर येऊ नको. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. तू एजंट व्हायच्या लायकीचा नाहीस.” म्हणून मी आलो नाही. हे तुझ्या चहाचं उत्तर.

मंगळवारी तिचा मेसेज आला, आईला कालपासूनचा ताप सांगितलाय, सांभाळून घे. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये तू ‘सोमवार’ म्हणालीस तेव्हा मी तुझ्या मागं दोन हातांवर उभा होतो. ऐकलं. वाटलं, आता डॉक्टरांच्या हातात आहे, दोन-तीन दिवसांनी काय फरक पडतो. खरं तर असं काही वाटलं नव्हतं, हे मी नंतर जुळवलं. तेव्हा फक्त तोंड उघडलं नाही.

पुढं महिन्याभरानं एकटा जाऊन डॉक्टरांना विचारलं. आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे तीन शब्द घेऊन मी फिरतोय. तू मला काही म्हण. काही म्हटलं नाहीस तरी ते मी ऐकेन.

सहदेव


मुलुंड (पूर्व)
२४ ऑगस्ट २०२५

सहदेवदादा,

तुझं मार्चचं पत्र नितेशला दाखवलेलं नाही. तांदळाच्या डब्याखाली आहे. तुला उत्तर म्हणून चार-पाच पत्रं लिहिली आणि गॅसवर धरली. त्यातलं इथं काही लिहीत नाही. राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. तू माझा भाऊ आहेस हेही जात नाही. दोन्ही घेऊन बसलेय.

सिनेमा लागला. इथं दुपारचा एकच शो होता, तोही दोन आठवडे. घरी पतपेढीत जादा काम आहे असं सांगून गेले, पंधरा वर्षांच्या मुलीसारखी. थिएटर निम्मं रिकामं होतं. पुढं एका शाळेच्या मुलींची रांग, त्या पहिल्यापासूनच हसत होत्या. ती पडद्यावर आली तेव्हा मला आधी तिची वेणी दिसली, एका बाजूला सुटलेली. सकाळी मी घट्ट घातली होती. मी तिला तसंच म्हणणार होते, वेणी कशी सुटली गं.

संघमित्रा तिच्यासारखी बोलली. दोन ठिकाणी कळलं मला की ही ती नाही, दोन्हीदा हसताना. बाकी कळलं नाही. मी कळून घेतलं नाही.

मग तो सीन आला. आई स्वयंपाकघरातून येते, ही नळाखाली डोकं धरते, टॉवेल गुंडाळून अभ्यासाला बसते. आई कपाळाला हात लावते आणि म्हणते, गार आहेस, जा. सगळं थिएटर हसलं. शाळेच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी माझा हात बघत बसले होते. त्या रविवारी ती वर आली ती थेट मोरीत गेली. बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला होता. रोज लावायचे, ती बाहेरून आली की. गार होतं. मी म्हटलं, उन्हातून आलीस, शहाण्यासारखं तोंड धुतलंस. मी तिला शाबासकी दिली, दादा. तुझा चहा होता, तो तिनं प्यायला. दोन कप.

गच्चीचा सीन मी डोळे मिटून ऐकला. पाच जणी धडधडत गेल्या. मग ती. दोन पावलं, थांबली, परत दोन, आणि डावा बूट वाजला. हसले सगळे. माझ्या शेजारी एक बाई एकटीच आली होती, तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, मस्त आहे ना ही पोरगी? मी हो म्हटलं.

शेवटी पाट्या आल्या. ‘प्रांजल’ एवढं मोठ्या अक्षरात, खाली तारखा. संघमित्राचं नाव एकदाच होतं, पाचवीपुढं. तुझं नाव बारीक होतं आणि लवकर गेलं. मी ते वाचलं.

तुझ्याकडे एक काम आहे. पतपेढीच्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणतात, रोज सकाळी चालायला लागा. तेव्हा फेब्रुवारीत पाठवलेले बूट परत पाठव. ते माझे आहेत. मुलुंडच्या बाजारातून आम्ही एकाच दिवशी एकसारखे दोन जोड घेतले होते, दोघींचा नंबर पाच. डाव्या टाचेवर भार टाकून मी चालते.

तिचे दारामागच्या रॅकवर आहेत. रविवारी तिनं काढले तिथंच.

प्रेमा